खेकड्याची यादी

आमच्या लास गार्सासमध्ये माणसाचं खरं नाव दोनदाच लागतं, बारशाला आणि मयताला. मधली सगळी वर्षं तो बोकड, सुतळी, भोपळा, बुटक्या अशा कुठल्यातरी नावाने काढतो आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटत नाही. मला सगळे 'बाई' म्हणतात. एकतीस वर्षं मी इथल्या शाळेत शिकवते, आणि माझं नाव सेनाइदा आहे हे नवऱ्याखेरीज कोणाला आठवत असेल असं वाटत नाही. त्यालाही अधूनमधूनच आठवतं.

तेव्हा एलेउतेरिओ माल्दोनादो म्हटलं तर साखर कारखान्याच्या फाटकापासून समुद्रापर्यंत कोणी मान वर करणार नाही. खेकडा म्हणा, झोपलेली कुत्रीसुद्धा उठून बसतात.

खेकडा पिचर होता, म्हणजे बेसबॉलमधला चेंडू टाकणारा. पिचर कसला, अडतिसाव्या वर्षापर्यंत पूर्वेकडच्या सगळ्या कारखान्यांच्या फलंदाजांना त्याने रडवलं. मैदानाच्या मधोमध चेंडू टाकायची जी टेकाडी, तिच्याकडे तो कधी सरळ चालत गेला नाही. डावा खांदा पुढे, नजर फलंदाजावर, असा आडवा आडवा जायचा. कोणी विचारलं तर म्हणायचा, "सरळ गेलं की चेंडूला कळतं आपण कुठे निघालोय." सामन्याच्या दिवशी तो भात खायचा नाही, भाताच्या तळाची करपलेली खरवड तेवढी खायचा. एका घरची खरवड त्याला पुरत नसे, म्हणून आमच्या गल्लीत तीन घरांतून त्याच्यासाठी ती राखून ठेवत. एकदा अमेरिकेच्या लोकांनी त्याला तिकडे खेळायला उचलून नेलं. सगळ्या गावाने रडून, नाचून निरोप दिला. चाळिसाव्या दिवशी हा परत. मी विचारलं, "का रे, काय झालं?" तर म्हणाला, "बाई, तिथे भात करपतच नाही."

मी हे हसून सांगते, पण मी त्याला खेळताना पाहिलंय. एका दुपारी त्याने एकवीस माणसं अशी बाद केली की चेंडूला कोणाची बॅट लागलीसुद्धा नाही. शेवटी समोरच्या संघाचे लोकच उभे राहून टाळ्या वाजवत होते. असा माणूस आपल्या गल्लीत राहतो, आपल्याच विहिरीचं पाणी पितो, याचा मला तेव्हा अभिमान वाटला आणि आजही वाटतो.

त्याचे चेंडू झेलायला मागे उकिडवा बसायचा तो कासव. छातीवर ती जाड गादी, डोक्यावर पिंजरा, दुसरं काय नाव पडणार? अकरा वर्षं दोघं एका ताटात जेवले. मग कासवाने वळणारा चेंडू टाकण्याची खूण केली आणि खेकड्याने सरळ टाकला, किंवा कासवाने सरळची खूण केली आणि खेकड्याने वळवला. यातलं खरं काय ते दोघांनाच माहीत आणि दोघंही उलटं सांगतात. तो चेंडू कुंपणापलीकडे गेला, अजिंक्यपद गेलं आणि दोघांचं बोलणं बंद झालं. कासव शेजारच्या एल होबोला राहायला गेला, पुढे तिथल्या संघाचा कोच झाला. खेकडा आमचा कोच झाला. एकोणीस वर्षं दोघांना काही सांगायचं असलं की अंपायरमार्फत सांगत. "साहेब, त्या गृहस्थांना विचारा, त्यांच्या डाव्या गुडघ्याचं कसं आहे." "साहेब, त्यांना सांगा, त्यांनी आपल्या खांद्याचं बघावं."

कोच म्हणून खेकड्याच्या एकेक तऱ्हा. बाटलीची बुचं फेकायची आणि ती खराट्याच्या दांड्याने मारायची, हे तर आमच्याकडे सगळेच करतात. पण झेल सुटला की हा त्या खेळाडूला आंब्याखाली उभा करून स्वतः वर चढायचा आणि पिकलेले आंबे खाली टाकायचा. आंबा हातात फुटला तर शिक्षा, जमिनीवर फुटला तर दुप्पट शिक्षा. बुधवारी सगळ्यांनी सगळं डाव्या हाताने करायचं, अगदी जेवायचंसुद्धा. नवातले आठ जण कारखान्यात कामाला, त्यामुळे बुधवारी साखरेची पोती भलतीच शिवली जात आणि मुकादम आमच्या नावाने बोटं मोडत असे.

आणि तो मेला होता ती गोष्ट! होम बेसवर, म्हणजे जिथे पोचलं की धाव होते तिथे, आमचा माणूस पोचला होता, पण अंपायरने त्याला बाद दिला. खेकडा आडवा आडवा चालत आला, होम बेसवर पाठ टेकून झोपला आणि टोपी छातीवर ठेवून डोळे मिटले. कोणी उठवलं तरी उठेना. मैदानावरच्या आमच्या बँडने मयताचं वाजवायला सुरुवात केली. बायकांनी जपमाळा काढल्या. अर्धा तास झाला, मग अंपायरच घाबरला. वाकून त्याने खेकड्याच्या नाकाशी हात धरला, तेव्हा एक डोळा उघडून खेकडा म्हणाला, "आता खरं सांग, मेलेल्या माणसाशी कोणी खोटं बोलत नाही. पोचला होता ना?"

अर्थात त्याला मैदानाबाहेर काढला. त्याला महिन्यातून एकदा तरी काढतच. मग तो उजव्या भिंतीपलीकडच्या आंब्यावर चढून तिथून ओरडून संघ चालवायचा. गावाने त्याच्यासाठी त्या झाडाला फळी ठोकून दिली होती.

माझा या सगळ्याशी संबंध सामन्याच्या गुणवहीपुरता, म्हणजे धावा आणि बाद लिहून ठेवण्यापुरता. कारखान्याचा जुना कारकून पाचव्या डावात झोपी जायचा, म्हणून सामने भरवणाऱ्या लीगने ते काम मला दिलं. माझं अक्षर चांगलं आहे. चांगलं म्हणजे या किनाऱ्यावर माझ्याइतकं चांगलं अक्षर कोणाचं नाही, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. सामन्याच्या आधी कोणी कितव्या क्रमांकाला फलंदाजी करायची याची यादी कोचने अंपायरला द्यायची असते. खेकडा ती यादी पावाच्या पिशवीच्या कागदावर काढायचा. काढायचा म्हणजे चित्रं काढायचा. एकाखाली एक नऊ चित्रं: भोपळा, नारळ, मग शिंगवाला बोकड, मग सुतळीचा गुंडा. मी ती बघून अंपायरसाठी नीट नावं लिहून द्यायची. लोक सही मागायला आले की खेकडा नावाऐवजी खेकडा काढून द्यायचा, आठही पायांसकट. मला वाटायचं, काय झोकदार माणूस आहे! पाहुणे आले की मी त्या पिशव्या काढून दाखवायची.

एकतीस वर्षं शिकवतेय मी. साडेतीनशे मुलांना हात धरून अक्षरं गिरवायला लावली. आणि हा माणूस दर रविवारी माझ्यासमोर बसून चित्रं काढत होता, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. आज आठवलं तरी स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

त्या वर्षी आम्ही आणि एल होबो अंतिम फेरीत आलो. तीन रविवार, तीन सामने, दोन जिंकेल तो विजेता. आणि नेमका तेव्हाच लीगने नवा नियम काढला. आदल्या मोसमात कुठल्याशा संघात 'बुटक्या' या एकाच नावावर तिघं खेळून गेले होते आणि त्यातला एक सहा फूट उंच होता. म्हणून आता राजधानीहून अंपायर येणार. यादीत कागदोपत्री असलेली खरी नावं लिहायची. आणि ती कोचने होम बेसपाशी, अंपायरसमोर, स्वतःच्या हाताने लिहायची.

अंपायर आले विर्हिलिओसाहेब. उन्हात टाय बांधून. पहिल्या रविवारी एल होबोच्या मैदानावर त्यांनी छापील तक्ता आणि पेन्सिल पुढे केली. तक्त्याखाली दोन कार्बन: एक प्रत समोरच्या कोचला, एक माझ्या टेबलावर. कासवाने एका मिनिटात आपली यादी लिहिली. मग पेन्सिल खेकड्याच्या हातात आली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली, साहेबांकडे पाहिलं आणि म्हणाला, "हा टाय तुम्ही बायकोचा आणलाय का?"

"काय म्हणालात?"

"नाही, सैल बसलाय. तिची मान जाड असावी."

यादी होण्याआधीच खेकडा मैदानाबाहेर. सगळं मैदान हसून लोटपोट. आमच्या कप्तानाने इकडे तिकडे विचारत कशीबशी नावं लिहिली, खेकड्याला तिथे झाडसुद्धा मिळालं नाही, आणि आम्ही हरलो.

मी हसले नव्हते. मी टेबलावरून त्याचा पेन्सिल धरलेला हात पाहिला होता. पहिलीतली पोरं पहिल्या दिवशी पेन्सिल धरतात तसा, मुठीत. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी सरळ त्याच्या घरी गेले. तो अंगणात युकाचे कंद सोलत बसला होता.

"खेकड्या, तुला लिहिता येत नाही."

त्याने सुरी थांबवली नाही. "बाई, हळू बोला. शेजारीण लसूण निवडतेय."

"आणि वाचता?"

"आकडे येतात. दुकानावरच्या पाट्या रंगावरून ओळखतो." मग सुरी खाली ठेवली. "सात वर्षांचा होतो तेव्हापासून ऊस तोडला. मग चेंडू टाकायला लागलो आणि सगळे म्हणायला लागले खेकडा असा, खेकडा तसा. एवढं मोठं नाव झाल्यावर शाळेच्या बाकावर जाऊन कसं बसायचं? तुम्हीच सांगा."

"कोणाला माहीत आहे?"

"बायकोला. आणि कासवाला. अमेरिकेहून पत्रं यायची ती तोच वाचून दाखवायचा. लोकांना सांगायचा, खेकड्याचे डोळे दुखतात." त्याने सुरी पुन्हा उचलली. "एवढं भांडलो, एकमेकांचा बाप काढला, पण त्याने हे कोणाला सांगितलं नाही. एकोणीस वर्षांत नाही."

मी म्हणाले, मी शिकवते. तो म्हणाला, छप्पन्न वर्षांच्या खेकड्याला पोहायला शिकवू नका. मला राग लवकर येतो. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेजारणीने लसूण खाली ठेवला होता, एवढं सांगते.

दुसऱ्या रविवारी, आमच्या मैदानावर, पेन्सिल पुढे आली तेव्हा त्याने ती मोडली आणि खाऊन टाकली. शिसासकट नाही, लाकूड तेवढं, पण खाल्लं. परत बाहेर. लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन आंब्यापर्यंत पोचवलं, फळीवरून त्याने असा काही संघ चालवला की आम्ही सात धावांनी जिंकलो. पण सामन्यानंतर विर्हिलिओसाहेब झाडाखाली आले आणि मान वर करून म्हणाले, "माल्दोनादो, पुढच्या सामन्यात यादी तुम्ही लिहायची. तुम्हीच. नाहीतर मी अहवाल देतो आणि तुमचं कोचपद कायमचं रद्द. या लीगमध्ये झाडावरूनसुद्धा दिसायचं नाही."

गाव हसलं. गावाला वाटलं, खेकडा आणखी काहीतरी खाईल. तो मात्र फळीवर बसून राहिला, आणि सगळे गेल्यावर खाली उतरून शाळेच्या दारात आला. कोचपद गेलं तर या माणसाजवळ काय उरणार होतं? संघ होता म्हणून तो सकाळी उठायचा. आणि तो टिकवायचा तर अख्ख्या किनाऱ्यासमोर त्याला लिहून दाखवायचं होतं.

"किती दिवस आहेत, बाई?"

मधल्या रविवारी संताचा उत्सव होता, म्हणून चौदा दिवस होते. मी फळ्यावर 'अ' काढला.

"हे काय?"

"अक्षर. इथून सुरुवात."

"बाई, अक्षरं ढीगभर आहेत आणि खेळाडू नऊ. मला नऊच शिकवा."

मी कधी कोणाला असं शिकवलेलं नाही आणि कोणी शिकवलं तर मी त्याला नावं ठेवीन. पण वेळ नव्हता. आधी ती नऊ नावं कोणती, हेच कोणाला ठाऊक नव्हतं. कप्तानाने पहिल्या सामन्यात लिहिली त्यातली निम्मी चुकीची होती आणि साहेबांनी ती नीट करून आणायला बजावलं होतं. मी चर्चमध्ये जाऊन बारशाची वही उघडली. सुतळी निघाला रादामेस पिचार्दो. बोकडाला स्वतःचं आडनाव सांगता येईना, तो म्हणाला, "आई मला बोकडच म्हणते." वहीत तो बियेनवेनिदो आल्कांतारा होता, आणि त्याला पाण्यावर धरणारा धर्मबाप म्हणून खाली कासवाची सही होती. दोघं तेव्हा मित्र होते, गल्लीतली सगळी बारशी एकत्रच व्हायची.

रोज दुपारी शाळा सुटली की खेकडा मागच्या दाराने यायचा. बाक त्याला पुरायचा नाही, गुडघे छातीला लागायचे. पेन्सिल धरायला जमेना तेव्हा मी म्हणाले, वळणारा चेंडू धरतोस तशी धर. त्या क्षणापासून जमली. कागदावर अक्षर मावायचं नाही, म्हणून आधी मैदानावर जाऊन टेकाडीच्या मातीत टाचेने एकेक नाव हातभर मोठं लिहायचा आणि पुसायचा. लोक म्हणायचे, खेकडा माती मंतरतोय. एकेक नाव तो शंभर वेळा लिहायचा, घामाने निथळायचा, चुकला की स्वतःलाच आंब्याखाली उभं करायचा. बाराव्या दिवशी त्याने नऊ नावं ओळीने, न बघता लिहिली. सहावं आल्कांतारा, सातवं पिचार्दो. मी फळ्याकडे तोंड करून डोळे पुसले. तो म्हणाला, "बाई, शंका असेल तर सांगा, रडू नका."

शनिवारी मात्र त्याने संघाला सांगितलं की सुतळी सहावा येईल आणि बोकड सातवा. कारण? बोकडाने शुक्रवारी केस कापले होते. शुक्रवारी केस कापलेला माणूस सहावा खेळवायचा नाही, हे खेकड्याच्या मते कुठल्याही शहाण्या माणसाला कळतं. मला हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर! संघाला त्याने नेहमीसारखी पिशवीवर चित्रं काढून दिली, वर सुतळीचा गुंडा आणि खाली बोकड.

तिसरा सामना आमच्याच मैदानावर होता. भिंतीवर, झाडांवर, कारखान्याच्या छपरावर माणसं. विर्हिलिओसाहेबांनी तक्ता पुढे केला. कासवाने आपली यादी लिहिली, मागे सरला आणि उभा राहिला. खेकड्याने पेन्सिल घेतली. लोक ओरडले, "खा! खा!" त्याने गुडघा टेकला, तक्ता मांडीवर घेतला, खांदा आडवा केला आणि लिहायला लागला.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. एल होबोचा पिचर हात गरम करून तयार होता, तो उभ्या उभ्या गार व्हायला लागला. तेव्हा लोकांच्या लक्षात आलं, म्हणजे त्यांना तसं वाटलं. "बघा, बघा! पिचर गार करतोय! वा रे खेकड्या!" रेडिओवाला तर गळा फाडून सांगत होता की पन्नास वर्षांत अशी चाल कोणी खेळलेली नाही.

"आटपा, माल्दोनादो," साहेब म्हणाले.

मान वर न करता खेकडा म्हणाला, "साहेब, तुमच्या पत्रकात घाईचा नियम कितव्या ओळीत आहे?"

साहेबांनी खरंच पत्रक उघडून पाहिलं. तसा नियम नव्हता. तेवीस मिनिटं लागली. मी माझ्या टेबलाशी हाताच्या मुठी आवळून बसले होते. कासव एकदाही हलला नाही, त्याची नजर त्या पेन्सिलीवर होती.

कार्बनची प्रत माझ्याकडे आली. नऊ नावं. वाकडी, एकमेकांना धडकणारी, पण एकही अक्षर चुकलेलं नाही. मला उभं राहून ओरडावंसं वाटलं. मग मी दुसऱ्यांदा वाचलं आणि माझं बोट सहाव्या ओळीवर थांबलं. सहावं आल्कांतारा, सातवं पिचार्दो. आधी बोकड, मग सुतळी, हाताला जो क्रम पाठ होता तोच हाताने लिहिला होता. आणि आमच्या संघाच्या बाकामागे टांगलेली चित्रांची पिशवी मला टेबलावरून दिसत होती; संघ खेळणार होता तिच्याप्रमाणे, आधी सुतळी, मग बोकड.

बेसबॉलमध्ये यादीचा क्रम चुकवून कोणी खेळला तर अंपायर आपणहून काही बोलत नाही. समोरच्या कोचने तक्रार करायची. त्याने पुढचा चेंडू पडायच्या आत, आणि सामना संपला असेल तर खेळाडू मैदान सोडायच्या आत, तक्रार केली तर मिळालेली धाव रद्द आणि एक माणूस बाद. नाही केली तर झालं ते खरं. म्हणून हुशार कोचच्या लक्षात आलं तरी तो लगेच बोलत नाही, चुकीचा माणूस धाव मिळवून देईपर्यंत दबा धरून बसतो. आणि गुणवही लिहिणाऱ्याने तर तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, ना एका संघाला, ना दुसऱ्याला. हा नियम फार जुना आहे. मीच तो शाळेच्या पोरांना मोठ्या तोऱ्यात सांगत असे.

मी नियम मोडला नाही. पण तो सामना मी कसा लिहिला ते माझं मला माहीत. तक्रार झाली असती तर तो तक्ता सगळ्यांसमोर उघडला असता, हातोहात फिरला असता, आणि त्या अक्षरांकडे एकदा पाहिलं की तेवीस मिनिटं कशाला लागली हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. दर वेळी सुतळी आणि बोकड मैदानात आले की मी कासवाकडे बघायची. कोणी काही बोललं नाही. बोलणार कोण? एल होबोच्या खेळाडूंना बोकड माहीत होता. बियेनवेनिदो आल्कांतारा कोण हे त्यांना कोणी बंदूक लावून विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. भोंग्यावरचा माणूससुद्धा "आता येतोय बोकड!" असंच ओरडत होता. मात्र कासवाकडे त्याची प्रत होती. दुसऱ्या डावात ती वाचून त्याने खिशात घातली होती.

नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात बरोबरी, आमचे दोघं बाद, दुसऱ्या बेसवर सुतळी. बोकड आला. पहिल्याच चेंडूवर त्याने असा फटका मारला की चेंडू डाव्या कुंपणाच्या मुळाशी जाऊन पडला, आणि सुतळी उधळलेल्या खेचरासारखा धावत होम बेसवर पोचला. लोक भिंतीवरून मैदानात उड्या मारायला लागले.

आणि कासव उठला. एल होबोचे खेळाडू परत जायला निघाले होते, त्यांना त्याने हात करून जागेवर थांबवलं. तो अंपायरकडे निघाला, चालता चालता खिशातून कागद काढून त्याने उलगडला. लोक थबकले. खेकड्याला क्रमाचं काही माहीत नव्हतं, पण आपण लिहिलेला कागद कासवाच्या हातात बघून त्याचा चेहरा पांढरा पडला. टोपी हातात घेऊन तो तसाच उभा राहिला.

"काही तक्रार आहे?" साहेबांनी विचारलं.

कासवाने कागदाकडे पाहिलं. मग बोकडाकडे पाहिलं, ज्याला त्याने स्वतःच्या हातांनी बारशाच्या पाण्यावर धरलं होतं. परत कागदाकडे.

"आहे," तो म्हणाला. "अक्षर फार घाण आहे."

"त्याला नियम नाही."

"मग नाही तक्रार."

कागदाची घडी घालून त्याने तो खिशात ठेवला आणि खेळाडूंना जा म्हणून खूण केली. मग तो सरळ खेकड्यासमोर जाऊन उभा राहिला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मध्ये अंपायर नव्हता.

"कोंबडीचे पाय वाटतात लेका."

"खेकड्याचे म्हण," खेकडा म्हणाला, आणि त्याने टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

दुसऱ्या दिवशी मी त्याला क्रमाची चूक सांगितली. मी सांगायला नको होतं असं माझा नवरा म्हणतो. खेकडा बाकावरून उठला. करंडक परत करायला निघाला होता, मी अडवलं. सामना नियमाने जिंकला होता, तक्रार झाली नव्हती. पण त्याला करंडकाचं काही नव्हतं.

"त्याने बघितलं का, बाई?"

"मला काय माहीत! त्याला विचार."

तीन दुपारी बसून त्याने आयुष्यातलं पहिलं पत्र लिहिलं. वर कासव काढलं, खाली चार शब्द: यादी चुकली. तू बघितलंस? एल होबोला जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडे दिलं. शुक्रवारी त्याच ड्रायव्हरने उत्तर आणलं आणि खेकडा ते न उघडता शाळेत घेऊन आला. माझा वर्ग चांगला भरलेला होता, पण तो पुढच्या दाराने आला.

पावाच्या पिशवीचा कागद होता. त्यावर एकही शब्द नव्हता. वर सुतळीचा गुंडा, खाली बोकड, आणि दोघांना उलटसुलट जोडणारे दोन बाण. त्याखाली एक कासव, डोळे टक्क उघडे. शेजारी दोनाचा आकडा, म्हणजे दुसऱ्या डावापासून.

खेकडा तो कागद धरून हसायला लागला, मग हसता हसता त्याने टोपीने तोंड झाकलं. टोपी काढली तेव्हा डोळे लाल होते.

"बाई, उत्तर लिहायचंय. चित्र नको, नीट नावाने लिहायचंय. कासव कसं लिहितात?"

"कासव नाही," मी म्हणाले. "लिओविहिल्दो."

"एवढं मोठं?"

"एवढं मोठं."

त्याने पहिल्या रांगेतल्या मुलीला थोडं सरकायला सांगितलं आणि सगळ्या वर्गासमोर बाकावर बसला.